सत्कार खाली, मी वर

कार्यक्रम आखावा तर आम्हीच! भोईवाड्यातल्या आमच्या चाळीत कोणालाही विचारा. निदान मागच्या महिन्यापर्यंत विचारायला हरकत नव्हती.

मंडळाचं पंचविसावं वर्ष होतं. अध्यक्षाची निवडणूक तोंडावर आलेली आणि उमेदवार दोनच, मी आणि कोंडीराम. कोंडीरामचं कर्तृत्व एवढंच, की माईक हातात आला की सोडत नाही! मी म्हटलं, आपण काहीतरी दणदणीत करायचं. तळमजल्यावरचा जयवंत कित्येक वर्षं सह्याद्रीत वाट चुकलेल्या ट्रेकर्सना शोधून आणतो. दरीत अडकलेल्या एका मुलीला तर त्याने पाठीवर बांधून वर आणलं होतं. चाळीने त्याला शाल सोडा, साधी शाबासकीही दिली नव्हती. ठरलं! 'उत्कृष्ट शोध व बचाव कार्य पुरस्कार', माझ्या हस्ते, फोटोसकट! तो फोटो छापून आला की अध्यक्षपद खिशात.

"दादा, शालबिल राहू दे," जयवंत म्हणाला. "त्यापेक्षा दोराने माणूस कसा उतरवतात ते लोकांना दाखवूया."

"दाखवूया की! अडकलेला माणूस मी बनतो!"

"तुम्ही?"

"तिसऱ्या मजल्यावरून निघायचं ते थेट स्टेजवर! उतरलो की लगेच तुझ्या हातात ट्रॉफी. पब्लिक खलास!"

"बरं. पण बूट घाला."

"झब्ब्यावर बूट? कोल्हापुरीच शोभते रे!"

शिस्तीचा नियमही माझाच. गेल्या वर्षी सत्काराच्या वेळी सत्कारमूर्ती बटाटेवड्याच्या रांगेत सापडले होते. म्हणून यंदा फर्मान काढलं, नाव पुकारलं की ताबडतोब स्टेजवर यायचं आणि भाषणं संपेपर्यंत जागचं हलायचं नाही.

रविवारी संध्याकाळी चौक माणसांनी भरला. जयवंतचा जोडीदार वैभव वर तिसऱ्या मजल्यावर दोर सांभाळत होता, जयवंत खालून सूचना देत होता. कमरेला पट्टे आवळून मी कठड्यापलीकडे गेलो. काय टाळ्या पडल्या म्हणता!

दुसऱ्या मजल्यासमोर आलो आणि जयवंत ओरडला, "वैभव, थांब!"

मी खाली पाहिलं. मी जिथे उतरणार, नेमक्या तिथेच कोंडीरामने आयत्या वेळी खुर्च्यांची रांग मांडून आपले पाहुणे बसवले होते!

"खुर्च्या हलवा जरा," जयवंत म्हणाला.

"पाहुण्यांना उठवायचं? बरं दिसतं का ते?" कोंडीरामने विचारलं.

इतक्यात सूत्रसंचालन करणाऱ्या नूपुरने माईकवर पुकारा केला, "आणि आता आपले सत्कारमूर्ती, जयवंतदादा!"

"आधी विकासदादांना खाली घेतो," जयवंत म्हणाला.

"नियम विकासदादांचाच आहे!" कोंडीरामने माईक ओढून घेतला. सगळी चाळ वर माझ्याकडे बघायला लागली. आता उमेदवार माणसाने काय बोलायचं?

"जा रे जयवंत, जा! नियम म्हणजे नियम!" मी म्हणालो. मला वाटलं, दोन मिनिटांचा तर प्रश्न.

पण आमच्याकडे सत्काराआधी सत्कार करणाऱ्यांचा सत्कार होतो. मग त्यांच्याबरोबर आलेल्यांचा. ज्याला नारळ मिळतो तो भाषण करतो.

"वैभव, मला वर तरी ओढ!"

"एकट्याने नाय होणार, काका! पण पडणार नाय तुम्ही, टेन्शन घेऊ नका!"

पडत नव्हतो, हे खरं. गोल फिरत मात्र होतो. एकदा तोंड स्टेजकडे, एकदा भिंतीकडे. फिरता फिरता एक कोल्हापुरी सुटली आणि प्रमुख पाहुण्यांच्या मांडीवर पडली. त्यांनी तीही नमस्कार करून नारळाशेजारी ठेवली!

"पुरस्कार प्रदान करतील..." नूपुर अडखळली.

"मी! मी!" मी जीव तोडून ओरडलो. नेमकं तेव्हा तोंड भिंतीकडे होतं. वळून बघतो तर ट्रॉफी कोंडीरामच्या हातात! मला अक्षरशः रडू आलं.

"जयवंतदादा, इकडे बघा! कॅमेऱ्यात!" फोटोग्राफर ओरडत होता. पण जयवंतची नजर माझ्या दोरावरून हलेना. पुरस्कार घेतानाही तो वरच बघत होता. खरं सांगतो, माणूस मी बरोबर निवडला होता, त्याचा मला अभिमान वाटला.

तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या मालनकाकू वाळलेले कपडे काढायला गॅलरीत आल्या.

"कोण रे तो? विकास? मेल्या, माझ्या दारात लोंबाकळतंस कित्याक?"

"काकू, सत्कार चाललाय."

"तुझो?"

"नाही, जयवंतचा."

"मगे तू कित्याक टांगलंस?"

काकूंनी कपडे वाळत घालायची काठी पुढे केली. "धर घट्ट! माझ्या लुगड्याक पाय लावलंस तर सोडून देतलंय!"

मी काठी धरली, वैभवने वरून दोर सैल सोडला, काकूंनी एक हिसका मारला आणि मी लुगड्यासकट गॅलरीत! माझा नियम मोडून जयवंत धावतच वर आला. आधी माझे हातपाय तपासले, मग सत्कारात मिळालेली शाल खांद्यावरून काढून काकूंना पांघरली. एवढ्या टाळ्या तर सबंध कार्यक्रमात पडल्या नव्हत्या!

"शाल ठेव थंय," काकू म्हणाल्या. "आता लुगडा परत कोण धुवतलो?"

लुगडं मी धुतलं. निवडणुकीच्या सभेत माझं नाव पुढे आलं तेव्हा काकूच उठल्या. "ज्याका आपणाक खाली उतरूक येणा नाय, तो मंडळ काय चालवतलो?" म्हणाल्या. कोंडीराम अध्यक्ष झाला.

तो फोटो आता मंडळाच्या कार्यालयात लावलाय. कोंडीराम हसत ट्रॉफी देतोय, जयवंत वर बघतोय आणि फोटोच्या वरच्या कडेला दोन पाय दिसतात, त्यातला एक अनवाणी. नवीन माणसं विचारतात, "हे पाय कोणाचे हो?"

मी म्हणतो, "सजावट असेल!"