साळूबाईनं रिकामा डबा परत केला

एका जंगलात, मुलांनो, सगळ्या प्राण्यांना नोकऱ्या लागल्या. कसल्या नोकऱ्या, हे विचारू नका. सिंहमहाराजांच्या कचेरीत सकाळी कागद इकडून तिकडे न्यायचे आणि दुपारनंतर तेच तिकडून इकडे आणायचे. एवढं करेपर्यंत संध्याकाळचे साडेसहा वाजत.

त्या कचेरीत साळूबाई नावाची साळिंदर होती. अंगभर काटे, पण स्वभावानं लोण्याहून मऊ. तिला एक मुलगा होता, टोकू.

साळूबाई सातला घरी पोचे. मग लसूण सोल, भाजी निवड, खोबरं भाज, वाटण वाट. भाकरी तव्यावर पडेपर्यंत टोकू पाटावरच झोपलेला असे. उठवलं तर रडायचा, नाही उठवलं तर उपाशी. त्याचं खपाटीला गेलेलं पोट बघून साळूबाईला गलबलून यायचं. तिला बढती नको होती, बक्षीस नको होतं. पोरगं जागं आहे तोवर त्याच्या पानात गरम भाकरी पडावी, एवढंच तिला हवं होतं.

एकदा डबा खाताना तिनं हे मैत्रिणीला, मंजुळा मुंगसाला सांगितलं.

"अगं, माझंही तेच रडगाणं," मंजुळा म्हणाली. "आपण वाटून घेऊ या की! रविवारी प्रत्येकानं एकच काम करायचं, पण सगळ्यांच्या घरचं."

कचेरीतली आणखी दोघं लगेच तयार झाली. उदयराव उदमांजर एकटे राहत आणि वाटण फर्मास करत. गोदाक्का घोरपडीची चिकाटी तर तुम्हाला ठाऊकच आहे, म्हणून लसूण तिच्याकडे. मंजुळानं भाज्या निवडून चिरायच्या. साळूबाईनं मटकी भिजवून मोड आणायचे.

रविवारी चार घरांतून डबे निघाले आणि चार घरांत पोचले. सोमवारी साळूबाई सातला घरी आली आणि साडेसातला टोकूच्या पानात उसळ-भाकरी होती! तो दोन भाकऱ्या जेवला. वर, "आई, तू रोज अशीच लवकर येत जा ना," म्हणाला. साळूबाई पदरानं डोळे पुसत हसली.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण मग डबे परत करायची वेळ आली.

मंगळवारी गोदाक्कानं साळूबाईचा मटकीचा डबा घासला, पुसला आणि ती थबकली. "रिकामा डबा परत द्यायचा? शी! आपल्यात नाही बाई तसं करत."

तिनं डब्यात सहा बेसनाचे लाडू घातले. थोडेसेच हो, उगाच आपले.

लाडू बघून साळूबाईनं फडताळाकडे पाहिलं. तिच्याकडे गोदाक्काचा लसणाचा डबा होता. तो धुऊनही ठेवला होता. आता लाडवांच्या बदल्यात नुसता डबा कसा द्यायचा? तिनं भाजी बाजूला ठेवली आणि शंकरपाळे तळायला घेतले.

मंजुळानं चकल्या पाठवल्या. उदयरावांनी "बायका करतात, मग आपण काय कमी आहोत?" म्हणत अनारशांचं साठवणीतलं पीठ काढलं. चकल्या आल्यावर करंज्या गेल्या, करंज्या आल्यावर पुरणपोळ्या. डब्यात काही आलं की डबा पुन्हा भरून द्यायचा, आणि भरून दिला की तो भरूनच परत यायचा. विकतचं द्यावं, तर लोक काय म्हणतील!

गुरुवारपर्यंत चारही घरांत कढया तापल्या होत्या. मंजुळानं चिरलेली भाजी टोपलीत काळी पडली. सोललेल्या लसणाला कोंब फुटले. हसू नका, तुमच्या घरी कढई कशासाठी तापते, ते मला माहीत आहे.

शुक्रवारी टोकूच्या पानात पुन्हा लाडू पडला.

"मला लाडू नको," तो हुंदके देत म्हणाला. "मला भाकरी दे."

"देते हं राजा. एवढी एक करंजी तळून होऊ दे."

करंजी तळून झाली तेव्हा टोकू हातात लाडू धरून झोपला होता. लाडू तसाच होता, नुसत्या दातांच्या खुणा होत्या. साळूबाईनं तो त्याच्या मुठीतून सोडवला आणि पहिल्यांदाच तिला मनापासून राग आला. तिनं चूल विझवली.

शनिवारी सकाळी ती गोदाक्काच्या दारात गेली, तिच्या हातात डबा ठेवला आणि मागं वळून न बघता घरी आली.

गोदाक्कानं झाकण उघडलं. आत पाहिलं. डबा उलटा केला, बुडाला दोन टिचक्या मारल्या.

"अगोबाई! रिकामा!"

वाघ आला असता तरी जंगलात एवढी पळापळ झाली नसती. दुपारपर्यंत वडाखाली बैठक बसली.

"काही जनाची नाही, तर मनाची तरी!" गोदाक्का म्हणाली.

"आमच्या माहेरी असं कधी पाहिलं नाही," मंजुळा म्हणाली.

"अनारसे पोचले होते तिला," उदयराव दुखावल्या आवाजात म्हणाले.

ठराव झाला: साळूबाईशी डब्यांचं देणंघेणं बंद. साळूबाईनं मान खाली घालून ऐकलं. मैत्रिणी गेल्या म्हणून तिला वाईट वाटलं, फार वाटलं. पण घरी जाऊन तिनं आधी भाकरीचं पीठ मळलं.

रविवारी मागच्या दारी खुडबुड झाली. मंजुळा उभी होती, हातात चिरलेल्या भाजीचा डबा.

"कुणाला सांगू नकोस हं," ती कुजबुजली. "तू काय, डबा रिकामाच देणार. मग तुझा मी रिकामा दिला, तर मला कोण नावं ठेवणार? मोड आलेत का मटकीला?"

ती गेली आणि उदयराव वाटण घेऊन आले. "तुमच्याकडे कसं, मनावर दडपण येत नाही," म्हणाले. शेवटी गोदाक्का आली, लसूण घेऊन.

"मला तुझं वागणं मुळीच पटलेलं नाही," ती म्हणाली. "पण तुला लाजच नाही म्हटल्यावर तुझ्याशी कसला आलाय संकोच? बरं, भाजी आहे का थोडी चिरलेली?"

साळूबाईनं सगळ्यांच्या वाटण्या केल्या आणि ज्याचं त्याला नेऊन दिलं. कुणाची भाजी कुठून आली, हे कुणी कुणाला विचारलं नाही. कचेरीत तिघंही तिच्याशी बोलत नाहीत. रोज साडेसातला मात्र चारही घरांत पानं वाढलेली असतात, आणि टोकू तिसरी भाकरी मागतो.

तात्पर्य: रिकामा डबा कधीही परत करू नये. ही रीत सगळ्यांनी कसोशीने पाळावी, आणि ती पाळून वेळेवर जेवायचं असेल, तर ओळखीत एक तरी निर्लज्ज बाई जपून ठेवावी.