गाडीला वळण कोणी लावलं?

फाटकातून बाहेर पडतानाच गाडीने असा हिसका दिला, की जाकिपबेकची टोपी नाकावर आली. अर्ध्या कराकोल शहराची लायसन्सची परीक्षा घेतलेला माणूस तो. त्याने गाडी तडक गॅरेजात नेली.

"आबा, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे, आणि ठणठणीत आहे," मेकॅनिक एसेन म्हणाला. "हा चालवणाऱ्याच्या पायाकडून शिकतो. कुणीतरी ॲक्सिलरेटर दाबून पळवतंय, म्हणून हा वरचा गिअर लवकर टाकतच नाही. शिकलेलं पुसून देतो. आता नीट चालवा, म्हणजे नीट शिकेल."

घरात गाडी चालवणारे दोघेच, तो आणि सून बुरुल. संध्याकाळी चहाला शेजारी जमले होते. त्यांच्यादेखत त्याने विचारलं, "काय गं, गाडी तू पळवतेस?"

सुनेने सासऱ्याला उलट उत्तर द्यायचं नाही, ही रीत. बुरुल मान खाली घालून चहा ओतत राहिली.

"बघा, कबूल आहे तिला!" म्हणत त्याने किल्ली खिशात टाकली. दवाखान्यात नर्स असलेली बुरुल त्या दिवसापासून मिनीबसमध्ये लोंबकळत कामाला जाऊ लागली.

बातमी तिच्या माहेरी पोचली आणि महिन्याभरात विहीणबाई आल्या. जाकिपबेकने मायलेकींना गाडीत बसवलं. "बघाच आता, कशी लोण्यासारखी चालते!"

पहिल्याच चौकात इंजिन किंचाळलं, हिसका बसला आणि मांडीवरच्या बरणीतलं कुमीस, घोडीचं आंबवलेलं दूध, विहीणबाईंच्या मखमली जाकिटावर सांडलं.

"महिनाभर कोण चालवतंय हो ही?" त्यांनी शांतपणे विचारलं.

"मीच." त्याचे कान तापले. "पण... ती तेव्हा काही बोलली नाही."

"बोलली असती तर चाललं असतं तुम्हाला?"

गाडी थांबवून त्याने किल्ली सुनेच्या हातात दिली आणि मुकाट्याने मागे जाऊन बसला. बुरुलने पाय अगदी अलगद ठेवला. पण गिअरबॉक्सच्या अंगात सासऱ्याची महिन्याभराची शिकवण मुरली होती. गाडी गुरगुरत, हिसके देत गल्लीत शिरली.

"जाकिपबेक!" शेजारी फाटकातून ओरडला. "सुनेला पास कुणी केलं रे? काय हिसके देतेय!"

जाकिपबेकने काच खाली केली. "तिचा नाही, पाय माझा आहे!"

"मागच्या सीटवरून?"

जाकिपबेकने सुनेला इंजिन बंद करायला सांगितलं आणि पहिल्यापासून सगळं सांगायला सुरुवात केली.

"जरा मोठ्याने," जाकीट पुसत विहीणबाई म्हणाल्या. "बातमी पलीकडच्या गल्लीतही गेली होती."