नत्थूजींचा चार नंबर

नत्थूजी कुत्र्याचं रक्त आण्यांत मोजत. देशात नवे पैसे येऊन पंधरा-सोळा वर्षं झाली होती, भाजीवालीसुद्धा आणे विसरली होती. पण नत्थूजींच्या हिशेबात कुत्रं सोळा आण्यांचंच असे.

"मैना म्हणजे भाऊसाहेब, बारा आणे कारवान आन् चार आणे विलायती. बाप गावठी, सोळा आणे. मंग पिल्लाचं काय होते, करा हिशेब."

मी सरकारी लेखा कचेरीत नोकरीला. कारवान म्हणजे लांब पायांची दख्खनी शिकारी जात, एवढं मला ठाऊक होतं. मला हिशेब करा म्हटलं की मी करतो. सहा आणे कारवान, दोन आणे विलायती, आठ आणे गावठी. बेरीज सोळा. चूक काढायला जागा नव्हती.

"पाय कारवानचे, नाक विलायती, अक्कल गावठी," नत्थूजी बोटांवर मोजत म्हणाले. "याच्यासारखा मेळ नाही."

"आणि उलटं झालं तर? पाय गावठी आणि अक्कल विलायती?"

"तसा एक निंगाला होता. साहेबानं तो आपल्या मोठ्या साहेबाले भेट देऊन टाकला."

हे साहेब म्हणजे नत्थूजींचे जुने मालक. त्यांना शिकारीचा नाद. त्यांच्या बंगल्यावर नत्थूजींनी वीस वर्षं शिकारी कुत्री सांभाळली. पुढे शिकारीचे परवाने बंद झाले, साहेबांनी बंगला विकला आणि नागपूर सोडलं. जाताना नत्थूजींना त्यांनी वीस वर्षांच्या नोकरीबद्दल एक घड्याळ, एक गरम कोट आणि मैना नावाची कुत्री दिली. घड्याळ बंद होतं. कोट साहेबांच्या मापाचा होता. मैना मात्र पोटुशी होती.

अशा स्थितीत ते आमच्या गोकुळपेठेतल्या घराच्या मागच्या खोलीत भाड्याने राहायला आले. मैना गाभण आहे हे त्यांनी भाडं ठरवताना सांगितलं नाही. विचारलं नव्हतं, म्हणून सांगितलं नाही, असं त्यांचं म्हणणं. पंधराव्या दिवशी खोलीत सहा पिल्लं होती.

पिल्लांना त्यांनी नावं ठेवली नाहीत. नंबर दिले. एक ते सहा, जन्माच्या क्रमाने. "नाव मालक ठेवते. आपण ठेवलं तं त्याले दोन नावं होते, आन् कामाच्या टायमाले कोण्या नावानं यावं ते समजत नाही."

काम हा नत्थूजींचा आवडता शब्द. शिकारी रक्ताचं पिल्लू कामाशिवाय ठेवणं हे त्यांच्या मते पाप होतं. शिकार बंद झाली म्हणून काय झालं, माग काढण्याचं काम बंद झालेलं नाही, असं ते म्हणत. गिऱ्हाईक आलं की ते आधी गिऱ्हाइकाची परीक्षा घेत. धंतोलीतले एक डॉक्टर मोटारीने आले होते. पिल्लू त्यांना पसंत पडलं. त्यांनी पाकीट काढलं, तोच नत्थूजींनी विचारलं, "काम काय देसान याले?"

"काम? फाटकापाशी बसेल. मुलं खेळतील."

"फाटकापाशी बसाले माणूस भेटते साहेब. हा नोकरीवाला कुत्रा आहे. मुलाइले बाहुली घेऊन द्या."

डॉक्टर हसत हसत गेले, पण गेले.

पिल्लाची किंमत पंचाहत्तर रुपये. ती घासाघीस करून ठरलेली नव्हती. तिची फोड होती. नाकाचे तीस, पायांचे वीस, छातीचे पंधरा, आवाजाचे दहा. एका गिऱ्हाइकाने कानांचं काय विचारलं. "कान फुकट," नत्थूजी म्हणाले. "ते अजून वयनीच्या वांग्यातल्या मातीनं भरले आहेत."

वयनी म्हणजे माझी पत्नी. तिच्या वांग्यांच्या वाफ्याचा विषय पुढे येणार आहे.

एका संध्याकाळी मी सहज खर्च मांडून पाहिला. दूध, ज्वारी, खाटकाकडची हाडं, जंताचं औषध. तीन महिन्यांचं पिल्लू एक्क्याण्णव रुपयांना पडत होतं. मी नत्थूजींना बोलावून कागद दाखवला. दर पिल्लामागे सोळा रुपये तोटा, सहा पिल्लांचे शहाण्णव.

त्यांनी कागद लांब धरून पाहिला. "याच्यात इमानाचे नाही धरले तुम्ही."

"इमानाचे किती धरायचे?"

"ते आता नाही समजत. ते गिऱ्हाईक मागाहून सांगते."

पाच पिल्लं गेली. कळमेश्वरकडच्या मेंढपाळांनी दोन नेली, बाकीची तीन शेतांवर गेली. प्रत्येक वेळी नत्थूजी नव्या मालकाला दोरी कशी धरायची ते शिकवत आणि पिल्लू गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत दाराशी उभे राहत. मग आत येऊन रिकाम्या जागेवर दोन बादल्या पाणी ओतत.

उन्हाळ्यात मैना गेली. वय झालं होतं. राहिला चार नंबर. त्याला गिऱ्हाईक मिळेना, कारण तो दिसायला फार साधा होता. सहा आणे कारवान त्याच्यात कुठे होतं ते पाहणाऱ्याला सापडत नसे. नत्थूजींचं मत होतं की सहा पिल्लांत खरं नाक याचंच. म्हणून त्यांनी त्याची तालीम सुरू केली, आणि माझी नेमणूक वेळ मोजायला झाली.

दर रविवारी सकाळी आम्ही घरामागच्या मोकळ्या प्लॉटांवर जात असू. नत्थूजींजवळ सशाचं एक जुनं कातडं होतं, साहेबांच्या काळातलं. उंदरांनी नेऊ नये म्हणून ते रोज उशीखाली घेऊन झोपत. त्या कातड्याला सुतळी बांधून ते जमिनीवरून ओढत वाकडेतिकडे चारशे पावलं जात आणि कुठेतरी लपत. पाच मिनिटांनी मी चार नंबरला सोडी. पहिल्या रविवारी त्याला सात मिनिटं लागली. अठराव्या रविवारी दोन मिनिटं दहा सेकंद. सगळे आकडे माझ्या वहीत आहेत.

पिल्लू हुशार होत गेलं तशी लपण्याची जागा अवघड होत गेली. आधी विटांचा ढीग, मग चुन्याची भट्टी. एकदा नत्थूजी एका नव्या बांधकामावरच्या रिकाम्या टाकीत उतरले. चार नंबरने टाकी बरोबर शोधली आणि तिच्याभोवती फिरू लागला. मी आत डोकावलो, तर नत्थूजींना वर येता येत नव्हतं.

"शिडी आणतो," मी म्हणालो.

"शिडी मागाहून आणा! टाइम किती झाला ते सांगा आधी!"

तीन मिनिटं पाच सेकंद. शिडी मिळायला पाऊण तास लागला. तेवढा वेळ चार नंबर टाकीच्या काठाशी बसून होता. बिस्किट दाखवलं तरी हलला नाही.

आता वांग्यांचा वाफा. चार नंबरने तो तिसऱ्यांदा उकरला आणि त्याच दिवशी माझ्या कचेरीच्या बुटांपैकी डावा खाल्ला. पत्नीने मला सांगितलं आणि मी नत्थूजींना सांगितलं, की दिवाळीपर्यंत कुत्र्याची सोय लावा. तुम्ही राहा, कुत्रा नको. सांगताना मला बरं वाटलं नाही, पण सांगितलं.

नत्थूजींनी वाद घातला नाही. "खरं आहे. रिकामा हाय म्हणून बूट खाते. नोकरी लागली की सुधरन."

नोकरी मीच शोधली. माझ्या पत्नीची मावसबहीण सुमन हिचा काटोलकडे संत्र्यांचा बगीचा. बगीचा तीच पाहते. तिचे यजमान तिथल्या शाळेत मास्तर आहेत. त्या वर्षी सायाळ येऊन झाडांच्या बुंध्यांची साल कुरतडत होती. तिचं बीळ सापडलं तर ते बुजवता आलं असतं. पण सापडत नव्हतं. मी पत्र टाकलं. उत्तर आलं: कुत्र्याने बीळ दाखवलं तर पंचाहत्तर रुपये देऊ, शिवाय रोज दूधभाकर.

पत्र ऐकून नत्थूजींनी ते मला पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, "सायाळीचं काम म्हणजे खानदानी काम आहे. एवढी नोकरी याले लागली पायजे भाऊसाहेब. मैनेचा हा शेवटचाच आहे."

दिवाळीला आठ दिवस असताना आम्ही तिघे एस.टी.ने निघालो. चार नंबरला अंघोळ घातली होती. नत्थूजींनी साहेबांचा कोट घातला होता.

सुमनने चार नंबरकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. "भाऊजी, कुत्रा आणता म्हणे तुम्ही. हे तं पोटात काहीच नसल्यासारखं दिसून राहिलं."

"बाई, अंग पाहाचं असन तं म्हैस घ्या," नत्थूजी म्हणाले.

"म्हशीनं सायाळ शोधली असती तं घेतलीच असती, बाप्पा!"

बगिच्यातला गडी शामराव आम्हाला ताज्या कुरतडलेल्या झाडापाशी घेऊन गेला. बुंध्याशी सायाळीचा एक काळापांढरा काटा पडला होता. नत्थूजींनी काटा हुंगला आणि मान डोलावली.

इथे मी माझ्या धंद्यातला नियम काढला. ज्याच्या वहीची तपासणी, त्याने टेबलापाशी उभं राहू नये. नत्थूजी जवळ असले, तर त्यांनी खूण केली असं उद्या कोणी म्हणायला नको. मी त्यांना नाल्यापलीकडच्या पंपाच्या खोलीत जाऊन बसायला सांगितलं.

त्यांना राग येईल असं वाटलं होतं. पण ते लगेच तयार झाले. खाली वाकून त्यांनी चार नंबरचा पट्टा सारखा केला. मग पुन्हा सारखा केला.

"पट्टा ठीक आहे," मी म्हणालो.

"हाव," ते म्हणाले, आपली थैली उचलली आणि नाल्याकडे निघून गेले. मागे पाहिलं नाही.

दहा मिनिटांनी मी लांब दोरीवर चार नंबरला सोडलं. त्याने बुंधा हुंगला, काटा हुंगला, शिंकला. मग नाक जमिनीला लावून तो सरळ निघाला. धुऱ्याच्या बांधावरून, दोन वाफे ओलांडून, नाल्याच्या काठाला. मी पावलं मोजत मागे, माझ्यामागे सुमन, तिच्यामागे शामराव. काठावर बोरीच्या झुडपाआड ताज्या मातीचा ढीग होता. त्यात तीन काटे आणि मागे हातभर रुंद भोक.

"अहो बाई, हेच बीळ!" शामराव ओरडला.

चार नंबरने त्या ढिगावर पाय ठेवला. चढायला सोपं जावं म्हणून. आणि बिळाकडे न बघता पलीकडे उतरला.

"अगं माय," सुमन म्हणाली. "हा तं दारावरून गेला."

तो नाल्यातून गेला, वर चढला, पंपाच्या खोलीला एक फेरी मारली. खोलीत कोणी नव्हतं. चार नंबर क्षणभर थांबला. मग त्याने असा हिसका दिला की दोरी माझ्या हातातून सुटली. कुंपणाच्या तारेखालून तो बाहेर पडला आणि गाडीरस्त्याला लागला. मी धावलो. आठशेपर्यंत मोजलेलं होतं, पुढचं धावतच मोजलं.

गाडीरस्ता डांबरी सडकेला मिळतो तिथे एस.टी. थांबते. बाभळीखाली नत्थूजी बसले होते. आमच्याकडे पाठ, मांडीवर थैली. चार नंबर भुंकला नाही. माग लागला की भुंकायचं नाही, असं त्याला शिकवलेलं होतं. त्याने आपलं तोंड नत्थूजींच्या कोपराखाली घातलं.

मी पोचलो तेव्हा ते दोघे तसेच होते.

"तुम्हाला पंपाच्या खोलीत बसायला सांगितलं होतं," मी म्हणालो. मला धाप लागली होती.

"मी लपलो नोतो, भाऊसाहेब. मी त्याले सोडून जाऊन राहिलो होतो." थोड्या वेळाने ते म्हणाले, "पास झाल्यावर त्याच्या समोरून जाणं मले जमलं नसतं." मग एकदम, "बीळ भेटलं?"

"भेटलं. त्याच्यावर पाय देऊन इकडे आला."

त्यांनी चार नंबरकडे पाहिलं. "काहून रे?"

उत्तर मी दिलं. मला ते अठरा रविवार आधीच समजायला हवं होतं. "नत्थूजी, कातडं तुमच्या उशीखाली. ओढता तुम्ही. शेवटी सापडता तुम्ही. ससा त्याने कधी पाहिलाच नाही. काम म्हणजे तुम्हाला शोधणं, असंच तो शिकलाय."

तेवढ्यात सुमन येऊन पोचली. "नत्थूजी, बीळ तं माणसांनीच पाहिलं. कुत्रा तुमचा तुमच्यापाशीच राहू द्या, बाप्पा. मले असा नाही पायजे, तुमच्याच मांगं पळन रोज." पण जाताना तिने चार नंबरच्या डोक्यावर थोपटलं आणि शामरावाच्या हाती आमच्यासाठी पिशवीभर संत्री पाठवते म्हणाली.

"नापास," नत्थूजी म्हणाले.

"नापास," मी म्हणालो.

"किती अंतर होतं जी?"

"सोळाशे चाळीस पावलं."

"मधात नाला होता."

"होता. पाणी होतं त्यात, घोट्याएवढं."

"पाण्यात वास तुटते." त्यांनी कोटाच्या बाहीने नाक पुसलं. "वयनीले काय सांगसान आता?"

मी वाटेत त्याचाच विचार करत होतो. "नापास झाला म्हणून सांगीन. नापासाला सहा महिन्यांनी पुन्हा बसवतात. तोपर्यंत वाफ्याला मी तारेचं कुंपण घालतो. पण पुढच्या वेळी कातडं मी ओढणार."

"तुमच्या मांगं नाही येणार तो."

"का?"

"तुमचा बूट खाऊन पाहिला ना त्यानं. नाही आवडला."

शामराव संत्री घेऊन आला आणि पाठोपाठ बस आली. मी चढलो, पिशवी आत ठेवली आणि मागे पाहिलं. नत्थूजींनी चार नंबरला उचलून घेतलं होतं आणि त्याच्या मानेत तोंड घालून ते सडकेवर उभे होते. साहेबांच्या कोटाच्या लांब बाह्यांमध्ये कुत्रा अर्धा झाकून गेला होता.

कंडक्टरने घंटी मारली. मग पुन्हा मारली.

"थांबा हो जरा," मी म्हणालो. "म्हातारा माणूस चढून राहिला."

ते चढत नव्हते. पण कंडक्टर थांबला.