काकांच्या स्टिक्सचा कोन

ऐक ना, मधे बोलू नकोस, आधी फक्त ऐक! माझं काहीही चुकलेलं नाही, हे धरूनच ऐक.

माझ्या मैत्रिणीचे बाबा परवा आमच्या खेळाच्या दुकानात आले. गोल्फच्या सगळ्या स्टिक्स घेऊन! आज त्यांची क्लबात मॅच होती, समोर त्यांचेच साडू. आणि उद्या मी त्यांच्या घरी जाणार, लग्नाचं विचारायला. म्हणजे बघ, संधी चालून आली!

"काका, लाय अँगल कधी तपासलाय?"

"तो काय असतो?"

"स्टिकचं डोकं जमिनीवर सपाट टेकायला हवं. तिरकं टेकलं की बॉल भलतीकडे! तुम्ही निवांत घरी जा. एक नंबर करून ठेवतो!"

काका गेले. मी स्टिकच्या तळाला टेप लावली, खाली फळी टाकली आणि हाणला बॉल. टेप मधोमध घासायला हवी ना? घासली पार टोकाला! दुसरी स्टिक, तेच. तिसरी, तेच! अरे, हा माणूस इतकी वर्षं असल्या वाकड्या स्टिक्सनी खेळतोय? मला भरूनच आलं. एकेक स्टिक मशीनमध्ये पकडली, डोक्याजवळची तिची मान वाकवली, पुन्हा बॉल हाणला. सगळ्यांची टेप मधोमध घासेपर्यंत सोडलं नाही! मग ऑपरेशन यशस्वी झाल्यासारखे हात पुसले.

आज मीही गेलो, कौतुक ऐकायला. काकांचा पहिला बॉल डावीकडे, झाडीत. दुसरा डावीकडे, तळ्यात. तिसरा डावीकडे, थेट साडूंच्या गाडीच्या काचेत!

साडू ओरडले, "अहो, हरायचंय तर हरा, गाडी कशाला फोडताय!"

काका तरातरा माझ्याकडे आले. "तपासल्या होत्यास ना?"

"म्हणजे काय! प्रत्येक स्टिक स्वतः मारून बघितली!"

"तू? मारून?"

काकांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. बरीच वर करावी लागली. त्यांचं टक्कल माझ्या छातीशी येतं रे! तेव्हा माझी ट्यूब पेटली. तो कोन खेळणाऱ्याच्या उंचीप्रमाणे बसवायचा असतो. मी अख्खा सेट माझ्या मापाचा करून ठेवला होता!

पण मी मागे हटतोय होय? म्हटलं, "काका, स्टिक्स अगदी बरोबर आहेत. तुम्हीच कमी पडताय!"

आता ही म्हणते, उद्या येण्याआधी बाबांची माफी माग. कशाची माफी? काम चोख झालंय! मी निरोप धाडला, स्टिक्सना हात लावणार नाही, हवं तर काकांना उंच टाचांचे बूट देतो, फुकट!

तेव्हापासून हिचा फोन बंद. तूच सांग, माझ्या जागी तू असतास तर दुसरं काय केलं असतंस?