नदी थांबली, त्याचे पुरावे

"आले पूलवाले! माझा चहा गेला आजही," पुस्तकांच्या कपाटाआड ग्रंथपालबाई पुटपुटल्या.

कपाटाच्या अलीकडे उभ्या असलेल्या धाकटीला ते स्पष्ट ऐकू आलं. राग नाही आला, बाईंची दयाच आली. तिचा दादा, वीजमीटर वाचता वाचता निवृत्त झालेला, महिनाभर रोज इथे ठाण मांडून होता. नदीवरच्या लोखंडी पुलाला पन्नास वर्षं होणार, तिथे फलक लागणार आणि त्यावर 'मुख्य मिस्त्री' म्हणून बाबांचं नाव हवं, एवढाच त्याचा ध्यास. बाईंची अट होती: तीन स्वतंत्र साधनं दाखवा, फलकाच्या समितीला पत्र देते.

"तीन? तेरा आणतो!" दादा म्हणाला होता.

आज तो लढाई जिंकल्यासारखा आत आला. "हे घ्या! एक, इंटरनेटवरचा लेख. दोन, वर्तमानपत्राची जुनी पुरवणी. 'मिस्त्रींनी शेवटचा नट आवळला, तेव्हा नदीसुद्धा थांबली!'"

"नदी थांबली? दोन्हीकडे?"

"शब्दशः! याहून पक्कं काय हवं?"

बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, लेखाच्या तळाशी पुरवणीचा उल्लेख आहे. पुरवणीच्या तळाशी शाळेच्या वार्षिक अंकाचा. नळ दोन, टाकी एकच! तो अंकच बघायला हवा."

"मग तेच तिसरं साधन!"

धाकटी चटकन मध्ये आली. तो अंक तिने गेल्याच आठवड्यात केक-बिस्किटांच्या पुस्तकांमागे कोंबला होता. "अंक कुठला आता? वाळवीने खाल्ला असेल," ती घाईघाईने म्हणाली.

तिथेच चुकलं! "माझ्या ग्रंथालयात वाळवी?" बाई पदर खोचून उठल्या. कपाटं हलली, शिडी आली, धूळ उडाली, वाचक शिंकू लागले. दहाव्या मिनिटाला बाई गरजल्या, "केक-बिस्किटांत! कुणाचं हे काम?"

धाकटी छताकडे बघत राहिली.

दादाने पान उघडलं. 'माझे बाबा', इयत्ता चौथी. खाली धाकटीचं नाव.

"दादा, शाळेतल्या बाईंनी विषय दिला होता रे. सगळ्या मुली भराभर लिहीत होत्या. मी कोरी वही कशी देणार?"

"माहीत आहे," पानावरून बोट फिरवत दादा म्हणाला. "ऱ्हस्व-दीर्घ मीच तपासले होते. नदी तेवढी तुझी."

"अहो, मग महिनाभर माझा जीव का खाल्लात?" ग्रंथपालबाई भडकल्या. मग त्याच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी हळूच खुर्ची पुढे सरकवली.

दादा बसला. चष्मा पुसत राहिला. काच केव्हाच स्वच्छ झाली होती.

"वाटलं, तीन ठिकाणी छापलेलं सापडलं की खरं होत असेल." तो धाकटीकडे वळला. "पूल बांधला नाही गं बाबांनी. तो सुरू झाला त्याच आठवड्यात ते त्याच्यावरून पलीकडे गेले, आणि परत आलेच नाहीत."