बदामाच्या पानाला टाके

सादिकभाईंच्या अंगणातल्या बदामाच्या रोपावर शिंपी पक्ष्यानं घरटं केलं आणि कुरुंदा गावच्या या टेलरमास्तरांचं उरलंसुरलं कामही बंद पडलं. तसा त्यांच्या हातात हुन्नर होता, फक्त तारीख पाळायची सवय नव्हती. "परवा घेऊन जा," म्हणायचे. परवा कोणता, ते त्यांनाही ठाऊक नसे.

मशीन खिडकीशी आणि घरटं खिडकीबाहेर. एवढंसं पाखरू, पण दुकानातलेच दोरे उचलून त्यानं पानाच्या कडा अशा टाचल्या की मास्तरांना स्वतःच्या शिलाईची लाज वाटली. पिलं निघाल्यावर तर पायडलवरचा पाय हलेचना.

"कपडे वैसेइच पडे हैं, और तुम चिडिया देखते बैठे!" बायको, कनीज, करवादली.

"अगे, कारीगर है वो!"

इथपर्यंत ठीक होतं. पण मास्तरांना राहवतंय कुठलं! त्यांनी घरट्याचा फोटो व्हॉट्सअपवर टाकून साऱ्या गावाला बघायला बोलावलं. झालं! ज्यांना इतके दिवस चुकवलं, तेच सगळे दारात हजर. घरटं बघून झालं की जो तो विचारायचा, "आन माझी पँट?" स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यावा तो सादिकभाईंनीच!

शेवटी तातेराव आले. उद्या त्यांच्या वैष्णवीचं लग्न, आणि नवरीच्या बापाचा शर्ट अजून नुसतं कापड होता.

"मास्तर, शर्ट?"

"बटनं राहिलेत फक्त," सादिकभाईंनी थाप मारली.

तेवढ्यात बघ्यांनी उघडं टाकलेल्या फाटकातून शेळी शिरली आणि तिनं नेमकं तेच पान ओढलं. टाके उसवले. पान लोंबलं, पिलं पार काठाशी आली.

"या अल्लाह!" मास्तर सुईदोरा घेऊन धावले. तातेरावांनी शेळी हाकलली आणि पानाखाली ओंजळ धरली. सादिकभाईंनी श्वास रोखून भराभर टाके घातले आणि दोघं लांब झाले. पाखरू येईना. मग पिलांची आई आली, चोचीत अळी घेऊन. तिनं शिलाई इकडून तिकडून पाहिली आणि आत शिरली.

"पास केली तिनं!" मास्तरांचे डोळे भरून आले.

"व्हय की," तातेराव म्हणाले. "म्हंजे तुमाला झटपट जमते. मग माझाच शर्ट काहून लटकून राहिला?"

"पिलं उघडी पडली असती हो!"

"असं का?" तातेरावांनी अंगातला शर्ट काढून खिडकीतून मशीनवर टाकला आणि बनियनवर अंगणातच बसकण मारली. "माप याच्यावरून घ्या. मी बी उघडा पडलोय. आता नवा घालूनच उठतो."

सादिकभाई आत जाऊन कापड शोधू लागले. संध्याकाळपर्यंत पाखरू पिलांना अळ्या आणत राहिलं, कनीज तातेरावांना चहा आणत राहिली. मास्तरांना मात्र कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही.