पुढारीण

वकीलबाई कार्दोसोंच्या कचेरीत निमिया ओवेलार मानवी हक्कांचं काम शिकायला आली होती आणि आतापर्यंत झेरॉक्स मशीनमध्ये अडकलेला कागद न फाडता बाहेर काढायला शिकली होती. राजधानी आसुन्सिओनच्या लॉ कॉलेजातल्या तिच्या मैत्रिणी बँकांच्या वकिलांकडे गेल्या होत्या. हिने मात्र हट्टाने हीच कचेरी निवडली होती. दक्षिणेकडे पिलार गावी नदीवर होडी चालवणाऱ्या वडिलांना ती फोनवर सांगे, "कोर्टात असते बाबा, फार धावपळ." फोन ठेवला की खोली एकदम मोठी वाटे. ग्वारानी बोली कानावर पडली की घरमालकीण नाक मुरडी आणि कचेरीत सगळे स्पॅनिशच बोलत. त्यामुळे गावाकडची बोली तिच्या तोंडातल्या तोंडात सुकत चालली होती.

एका दुपारी वकीलबाई सुनावणीला गेल्या असताना बातमी आली, की दक्षिणेकडून भाजी विकायला आलेल्या बायकांना मंडईसमोर रस्ता अडवल्याबद्दल पोलिसांनी धरलंय. निमियाने बाईंना फोन लावला.

"मी येईपर्यंत तू जाऊन त्यांची नावं लिहून घे," बाई म्हणाल्या. "जास्तीचं काही करू नकोस."

ठाण्यातला हवालदार ड्यूटी संपवून निघायच्या घाईत होता. निमियाचं ओळखपत्र दुसऱ्या पिशवीत राहिलेलं. "बरं, आत जाऊन बोल," म्हणत त्याने तिला कोठडीत सोडलं, हाताच्या सवयीने कुलूप लावलं आणि तो घरी गेला.

त्याच्या जागी आलेल्याला तिने गजांतून हाक मारली. "साहेब, मी मानवी हक्कांच्या कचेरीतून आलेय."

"असं होय? मग मी बिशप आहे. बस खाली."

कोठडीत हशा पिकला. एउलालिया नावाच्या म्हातारीने सरकून जागा केली. "बोलण्याला आमच्याकडचा हेल आहे तुझ्या. कुणाची गं तू?"

"पिलारची. होडीवाल्या ओवेलारची."

"अनाक्लेतोची लेक? अगं, त्याच्या होडीतून तर मी माहेरी जायचे. तरीच म्हटलं, हे नाक कुठं पाहिलंय."

आजीने फडक्यातला चिपा, चीज घातलेला घरचा पाव, मोडून अर्धा तिच्या हातावर ठेवला. त्यातलं चीज गावचं होतं. निमियाने हातावरचा चुराही सोडला नाही. मग ग्वारानीत गप्पा सुरू झाल्या. पुरात कुणाचा गोठा वाहून गेला, कुणाचं ठरलेलं लग्न मोडलं, कोण म्हातारं अजून जिवंत आहे. ती विचारत राहिली, बायका सांगत राहिल्या.

मध्येच तिला आपण कशाला आलोय ते आठवलं. लाजेने ती उठून उभी राहिली आणि जरा जास्तच खणखणीत आवाजात समजावू लागली, "अटकेचं कारण सांगितलंच पाहिजे. वकील मिळालाच पाहिजे." बायकांनी टाळ्या वाजवल्या. नेमका तेव्हाच वरून हुकूम आला: बायकांना सोडा, पुढारीण तेवढी ठेवा. हवालदाराने गजांतून एकवार नजर फिरवली. पुढारीण शोधायला त्याला फार त्रास पडला नाही.

बायका सुटल्या, निमिया आत राहिली. पण बायका घरी जाईनात. ठाण्याच्या पायऱ्यांवर बसून एउलालिया आजी म्हणाली, "तिला का धरलं ते सांगा. तिला वकील द्या."

"ती स्वतःलाच वकील म्हणवतेय," हवालदार वैतागला.

"मग तर तिला आणखी चांगला वकील लागेल."

तेवढ्यात वकीलबाई धापा टाकत आल्या. पायऱ्यांवरचा जमाव पाहून गोंधळल्या. "अटक झालेल्या त्या तुम्हीच ना?"

"आम्ही केव्हाच सुटलो. आता आमची वकीलीण आत आहे."

बाईंना आत जाऊन तिला बाहेर काढायला दोन वाक्यं पुरली. बायकांना गावी नेणारा ट्रक निघायच्या बेतात होता. आजीने वरून हात दिला. "चढ की. उद्या सकाळी आईच्या हातचं खाशील." निमियाचा एक पाय खरंच चाकावर गेला होता. मग तो तिनेच खाली घेतला. ट्रक वळणाआड जाईपर्यंत ती रस्त्याकडे बघत राहिली.

"नावं घेतलीस?" वकीलबाईंनी विचारलं.

"नाही." तिने डोळे पुसले. "पण पुरात कुणाचा गोठा गेला ते सांगू शकेन."

वकीलबाईंनी तिला हाताला धरून ठाण्याच्या पायरीवर बसवलं. मग स्वतःही तिच्याशेजारी टेकल्या आणि अगदी गावठी ग्वारानीत म्हणाल्या, "कुणाचा गं?"